रिपोर्टमध्ये ‘सगळं मर्यादेत’ असेल, तर हार्मोन बिघडवणाऱ्या रसायनांचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात आठ महिन्यांचं बाळ आहे. नळाचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घेतलं, सगळे आकडे मर्यादेत आले. पण पाण्यात हार्मोन बिघडवणारी रसायनं असतात असं वाचनात येतं. मग या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा का? फिल्टर कुठला बसवायचा? आणि गोष्ट एवढी गंभीर असेल तर त्यावर कायदा का नाही?

पाणी तपासणीच्या कामात मला बावीस वर्षं झाली, त्यातली निम्मी सेंद्रिय रसायनांच्या विभागात. तुमचे तीन प्रश्न दिसायला वेगळे असले तरी मला ते एकच वाटतात. रिपोर्ट खोटा नाही. पण आम्हाला जेवढं विचारलं जातं तेवढ्याचंच उत्तर आम्ही देतो, आणि काय विचारायचं हे नियमांची यादी ठरवते. गढूळपणा, क्षारता, नायट्रेट, शिसं, जिवाणू, फार तर काही कीटकनाशकं. या यादीत नसलेल्या पदार्थाबद्दल रिपोर्ट काहीच म्हणत नाही. वाचणारा मात्र ‘काहीच म्हटलेलं नाही’ याचा अर्थ ‘काहीच नाही’ असा लावतो.

पुढे जाण्याआधी एक कबुली. तुमच्या पाण्यात काय असेल हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पाणी नदीचं आहे की बोअरचं, वरच्या बाजूला गावाचं सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी मिसळतं का, आजूबाजूला तणनाशकं मारली जातात का, जवळ विमानतळ किंवा अग्निशमनाच्या सरावाची जागा आहे का (तिथल्या फेसात पीएफएएस, म्हणजे सहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं असायची, ती जमिनीत मुरतात), इमारतीच्या जुन्या पाइपांना आतून इपॉक्सी या रेझिनचा लेप दिलाय का, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. शेवटचा मुद्दा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. इपॉक्सी बिस्फेनॉल-ए पासून बनतं आणि गरम पाण्याच्या पाइपात तो लेप नीट वाळला नसेल तर बिस्फेनॉल पाण्यात उतरतं. स्वीडनने २०१६ मध्ये पाण्याच्या पाइपांना आतून लेप देण्यासाठी असं इपॉक्सी वापरण्यावर बंदी घातली, ती याचसाठी.

आता ‘हार्मोन बिघडवणारी’ म्हणजे काय ते पाहू. शरीरातली संप्रेरकं, म्हणजेच हार्मोन, फार थोड्या मात्रेत काम करतात. पेशीवरच्या किंवा पेशीतल्या ठरावीक जागी ती जाऊन बसतात आणि पुढची कामं सुरू होतात. काही रसायनांचा आकार इतका मिळताजुळता असतो की तीही त्याच जागी बसतात. नोनिलफेनॉल (डिटर्जंट आणि प्लास्टिकच्या उद्योगातलं रसायन) आणि बिस्फेनॉल-ए इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या जागी बसतात. काहींचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं: परक्लोरेट (रॉकेटच्या इंधनात, फटाक्यांत वापरतात तो क्षार) थायरॉइडला आयोडीन उचलूच देत नाही. तान्ह्या बाळाच्या मेंदूची वाढ थायरॉइडवर अवलंबून असल्यामुळे मोठ्यांना जे पचून जातं ते बाळाला पचेलच असं नाही.

नोनिलफेनॉलची गोष्ट मला आवडते, कारण ती प्रयोगशाळेतली आहे. अमेरिकेत ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे दोघे १९८०च्या दशकाच्या शेवटी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. इस्ट्रोजेन न घालताही पेशी वाढायला लागल्या. बराच काळ शोध घेतल्यावर कळलं की दोष प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये होता. उत्पादकाने घटक बदलला होता आणि त्यातून नोनिलफेनॉल सुटत होतं. ‘एंडोक्राइन डिसरप्टर’, म्हणजे हार्मोन बिघडवणारं रसायन, हा शब्दप्रयोग १९९१ मध्ये शास्त्रज्ञ थिओ कोलबोर्न यांच्या पुढाकाराने अमेरिकेत विंगस्प्रेड इथे भरलेल्या बैठकीतून रूढ झाला.

आमच्याकडेही असं झालंय. पाच-सहा वर्षांपूर्वी एका आठवड्यात येणाऱ्या प्रत्येक नमुन्यात थॅलेट (प्लास्टिक मऊ करायला वापरतात ते रसायन) दिसायला लागलं. वेगवेगळ्या ठिकाणचं पाणी आणि आकडे जवळपास सारखेच. एक अधिकारी तर पत्र पाठवायच्या तयारीत होते. आमच्याकडे दर खेपेला ‘ब्लँक’ चालवतात, म्हणजे अगदी शुद्ध पाणी नमुन्यासारखंच सगळ्या प्रक्रियेतून काढायचं. तो काढला तर त्यातही तेवढंच थॅलेट! हातमोजे बदलले होते, एवढंच. त्यामुळे कुणी या रसायनांचा आकडा दाखवला की मी पहिल्यांदा विचारतो, ब्लँक किती आला होता?

नमुना घेण्यातही हाच घोळ होतो. लोक रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत पाणी आणतात आणि म्हणतात, प्लास्टिकमधली रसायनं तपासून द्या. थॅलेट आणि बिस्फेनॉलसाठी काचेची, गडद रंगाची, सॉल्व्हंटने (विरघळवणाऱ्या द्रवाने) धुतलेली बाटली लागते, आणि पाण्यातला क्लोरीन तिथल्या तिथे मारावा लागतो, नाहीतर वाटेत तो इस्ट्रोजेनशी प्रतिक्रिया करत राहतो. पीएफएएससाठी उलट: पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकची बाटली चालते, पण टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण मुळीच नको, कारण तेच दूषित करू शकतं. एकाच बाटलीत सगळं होत नाही. कुणी एका बाटलीत सगळं तपासून देतो म्हणाला तर सरळ घरी परत जा.

बरं, आकडे किती लहान? इस्ट्राडिओल या नैसर्गिक इस्ट्रोजेनसाठी युरोपीय संघाने २०२२ मध्ये पिण्याच्या पाण्यावर नजर ठेवण्यासाठी जो आकडा दिला तो लिटरला १ नॅनोग्रॅम आहे. म्हणजे १ ग्रॅम पदार्थ १०० कोटी लिटर पाण्यात. एवढ्याशासाठी लिटरभर पाणी एका छोट्या शोषक नळीतून हळूहळू सोडावं लागतं, नळीत अडकलेलं काही थेंब सॉल्व्हंटमध्ये उतरवावं लागतं आणि मग ते महागड्या यंत्रात जातं. आता रिपोर्टवर ‘आढळले नाही’ लिहिलेलं असेल तर शेजारचा शोधमर्यादेचा रकाना बघा. त्यात लिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे १००० नॅनोग्रॅम असेल, तर त्या ‘आढळले नाही’ला काही अर्थ नाही. हजार पट जाड चाळणीतून पीठ चाळून खडे नाहीत म्हणण्यासारखं ते आहे.

इथे भीती थोडी कमीही करतो, कारण तीही माझी जबाबदारी आहे. गर्भनिरोधक गोळ्यांचं इस्ट्रोजेन नळातून येतं आणि त्याने पुरुषांवर परिणाम होतो, ही गोष्ट सगळीकडे फिरते. हिशोब करा. लिटरला १ नॅनोग्रॅम धरला आणि दिवसाला २ लिटर पाणी प्यायलात तर २ नॅनोग्रॅम झाले. एका गोळीत साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३०,००० नॅनोग्रॅम असतात. पंधरा हजार पटींचा फरक. शिवाय सांडपाण्यातलं बरंचसं इस्ट्रोजेन नैसर्गिक असतं, माणसांच्या आणि जनावरांच्या मूत्रातून आलेलं. क्लोरीन आणि ओझोन त्याचा बराच भाग नष्टही करतात.

मात्र हे माणसापुरतं. मासा चोवीस तास त्या पाण्यातच असतो. इंग्लंडच्या नद्यांमध्ये सांडपाणी प्रकल्पांच्या खालच्या अंगाला नर माशांमध्ये मादीची लक्षणं दिसली आणि १९९०च्या दशकात जॉन सम्प्टर आणि सहकाऱ्यांनी त्याचा माग इस्ट्रोजेनपर्यंत काढला. कॅनडात तर मुद्दाम प्रयोग झाला. ऑन्टारिओतल्या एका प्रायोगिक तळ्यात तीन वर्षं गोळ्यांमधलं कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरला ५-६ नॅनोग्रॅम राहील अशा बेताने सोडलं, आणि फॅटहेड मिनो नावाच्या लहान माशांची संख्या जवळजवळ संपली. कॅरन किड यांच्या गटाने हे २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. ५ नॅनोग्रॅम! मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्या यंत्राला तेवढं दिसतही नव्हतं.

बाळासाठी मला जास्त काळजी वाटते ती टिकून राहणाऱ्या रसायनांची, विशेषतः पीएफएएसची. इस्ट्रोजेन शरीरातून लवकर जातं. पीएफओए आणि पीएफओएस हे दोन पीएफएएस रक्तातून निम्मे व्हायला काही वर्षं लागतात, त्यामुळे पाण्यातला छोटा आकडाही अंगात साठत जातो. अमेरिकेत ओहायो नदीच्या खोऱ्यात पीएफओए मिसळलेलं पाणी प्यायलेल्या सुमारे ६९ हजार लोकांची माहिती गोळा झाली. २०१२ पर्यंत तज्ज्ञांच्या समितीने सहा आजारांशी त्याचा संबंध संभवतो असं सांगितलं, त्यात थायरॉइडचा आजारही होता.

आता कायदा. ‘कायदाच नाही’ हे पूर्ण खरं नाही. कायदे आहेत, पण तुकड्यातुकड्यांत आणि एकमेकांशी न जुळणारे. ॲट्राझिन हे तणनाशक घ्या. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा युरोपात लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, अमेरिकेत ३, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत १००. रसायन एकच आणि मर्यादेत हजार पटींचा फरक. युरोपचा आकडा मुळात आरोग्यावरून काढलेला नाही. कीटकनाशक पाण्यात नकोच, असं धोरण ठरलं आणि त्या काळी जेवढं मोजता येत होतं तो आकडा लिहिला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने विषशास्त्राचा हिशोब केला. दोन्हींमागे विचार आहे, पण तुमच्या रिपोर्टवर ‘मर्यादेत’ छापताना कुणाची मर्यादा ते क्वचितच छापतात.

तो हिशोब कसा होतो ते एकदा बघाच, अवघड नाही. आयुष्यभर रोज पोटात गेलं तरी चालेल अशी, वजनाच्या दर किलोमागची मात्रा प्राण्यांवरच्या किंवा माणसांवरच्या अभ्यासांवरून ठरवतात. त्याला वजनाने गुणतात, प्रौढासाठी ६० किलो. अन्न, हवा, धूळ यांतूनही ते रसायन येतंच, म्हणून पाण्याच्या वाट्याला बहुतेकदा २० टक्के देतात. मग दिवसाच्या २ लिटरने भागतात. बाटलीने दूध घेणाऱ्या बाळासाठी वजन ५ किलो आणि पाणी पाऊण लिटर धरतात.

बिस्फेनॉल-ए साठी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये वजनाच्या किलोला रोज ४ मायक्रोग्रॅम ही मात्रा तात्पुरती दिली होती. २०२३ मध्ये त्यांनी ती ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, २० हजार पट खाली. नवा आकडा वरच्या हिशोबात घाला: प्रौढासाठी लिटरला १.२ नॅनोग्रॅम येतो, बाळासाठी साधारण ०.२७. आणि युरोपच्या २०२० च्या पिण्याच्या पाण्याच्या निर्देशात बिस्फेनॉल-ए ची मर्यादा लिटरला २.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे २५०० नॅनोग्रॅम आहे. निर्देश आधीचा, शास्त्र नंतरचं, आणि मध्ये दोन हजार पटींची दरी. ०.२ हा आकडा सगळ्यांना मान्य नाही हेही सांगायला हवं. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने त्यावर आक्षेप घेऊन २०० नॅनोग्रॅम सुचवला. तो धरला तर प्रौढासाठी १२०० नॅनोग्रॅम येतात, म्हणजे तरीही सध्याच्या मर्यादेच्या निम्म्याहून खाली. म्हणून लिटरला २४०० नॅनोग्रॅम बिस्फेनॉलचं पाणी आलं तर त्या युरोपीय मर्यादेनुसार मी ‘मर्यादेत’ असा शिक्का मारून सही करेन, आणि ती सही कायद्याने बरोबर असेल.

कायदा मागे का राहतो? एक कारण वेगाचं. अमेरिकेत हार्मोनवर परिणाम करणारी रसायनं तपासायची तरतूद १९९६ च्या कायद्यात आली. पहिल्या यादीतल्या ५२ रसायनांच्या प्राथमिक चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर झाले २०१५ मध्ये. दुसरं कारण, यादी एकेका रसायनाची असते. बिस्फेनॉल-ए (बीपीए) वर बोट ठेवलं की उत्पादक बिस्फेनॉल-एस वापरतो, त्याची रचना जवळपास तीच आणि वागणंही बरंचसं तसंच. तो नव्या पाकिटावर ‘बीपीए-मुक्त’ छापतो आणि आम्ही पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. तिसरं कारण मिश्रणाचं. लंडनमध्ये २००२ साली आठ सौम्य इस्ट्रोजेनसारखी रसायनं एकत्र केली गेली, प्रत्येक एकटं असताना परिणाम दिसणार नाही इतक्या कमी प्रमाणात. एकत्र मात्र परिणाम स्पष्ट दिसला. आमच्या रिपोर्टमध्ये ती आठ वेगवेगळ्या ओळींत ‘मर्यादेत’ आली असती.

आणि चौथं कारण सरळ पैशाचं. २०१२ मध्ये युरोपीय आयोगाने नद्यांसाठी गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेनची मर्यादा लिटरला ०.०३५ नॅनोग्रॅम सुचवली. सांडपाणी प्रकल्प सुधारायचा खर्च कुणी करायचा यावरून इतका गदारोळ झाला की २०१३ मध्ये ते बंधनकारक न करता नुसत्या निरीक्षण यादीत गेलं. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएससाठी लिटरला ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा आली. पुढच्याच वर्षी ती पाळायची मुदत २०२९ वरून २०३१ पर्यंत लांबवण्याचा आणि आणखी काही पीएफएएसच्या मर्यादा मागे घेण्याचा इरादा जाहीर झाला.

माझं मत विचाराल तर पाण्याच्या शेवटच्या टोकाला मर्यादा घालत बसण्यापेक्षा कायद्याने उगमाशी जावं आणि घाण करणाऱ्याकडून खर्च घ्यावा. स्वित्झर्लंडने २०१६ पासून सुमारे शंभर मोठ्या सांडपाणी प्रकल्पांत ओझोन किंवा सक्रिय कार्बन बसवायला सुरुवात केली, सूक्ष्म प्रदूषकांचा ८० टक्के भाग काढायचा या अटीवर, आणि त्यासाठी प्रकल्पांकडून माणशी वर्षाला ९ फ्रँक आकारणी ठेवली. युरोपच्या २०२४ च्या सांडपाणी निर्देशात आणखी पुढे गेले आहेत: या जादा प्रक्रियेचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांनी उचलायचा. उद्योगांचा त्याला विरोध आहे, साहजिकच. पण जो खर्च आज प्रत्येक घर फिल्टरच्या रूपाने करतंय तोच हा खर्च आहे, फक्त योग्य माणसाच्या नावावर.

दुसरं, यादीच्या जोडीला परिणामावर आधारित चाचणी हवी. इस्ट्रोजेनची ग्राही जागा बसवलेल्या पेशी किंवा यीस्ट पाण्याच्या अर्कात ठेवायचं. पेशी प्रतिसाद देतात का ते बघायचं, कुठल्या रसायनाने दिला ते नंतर शोधायचं. ही पद्धत चालते, आम्ही वापरली आहे. ती नाव नसलेल्या रसायनालाही पकडते आणि मिश्रणालाही. तिची अडचण अशी की न्यायालयात उभं राहून ‘पेशींनी प्रतिसाद दिला’ एवढं सांगून कुणाला दंड करता येत नाही. म्हणून ती इशाऱ्यासाठी वापरावी आणि दंडासाठी रसायनाचा आकडा, असं मला वाटतं. पीएफएएससाठी गटाची मर्यादा मात्र आजही शक्य आहे. युरोपने २० पीएफएएसची बेरीज लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम अशी धरलीच आहे.

फिल्टरबद्दल. उकळल्याने जंतू मरतात आणि बाळासाठी ते करायलाच हवं, पण ही रसायनं जात नाहीत, उलट पाणी आटलं की थोडी दाट होतात. अतिनील दिव्याचंही तेच: जंतू मारण्याच्या मात्रेत तो यांना हात लावत नाही. सक्रिय कार्बन इस्ट्रोजेन, बिस्फेनॉल, नोनिलफेनॉल, बरीच कीटकनाशकं चांगली धरतो, पण कार्बन भरला की धरणं थांबतं आणि पाण्याच्या चवीत ते कळत नाही. लहान साखळीचे, म्हणजे लहान रेणूंचे पीएफएएस सगळ्यात आधी निसटतात. काडतूस बदलायची तारीख आली की बदला, पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून लांबवू नका. आरओ यातलं बहुतेक सगळं अडवतो, परक्लोरेटही, पण बरंच पाणी वाया घालवतो आणि खनिजंही काढतो. घेताना एनएसएफ या अमेरिकी संस्थेच्या ४०१ या मानकाचं प्रमाणपत्र बघा, त्या चाचणीत बिस्फेनॉल-ए, इस्ट्रोन (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) आणि नोनिलफेनॉल ही नावं आहेत. पीएफएएससाठी एनएसएफच्याच ५३ किंवा ५८ या मानकाखाली त्यांचा दावा स्पष्ट लिहिलेला असावा. आणि गरम पाणी प्लास्टिकच्या भांड्यात ओतू नका. फिल्टरने काढलेलं तिथे परत येतं.

तुमचं पाणी सांडपाणी किंवा कारखाने मिसळणाऱ्या नदीचं नसेल आणि जवळ वर सांगितलेल्यातलं काही नसेल, तर मी तुमच्या जागी आत्ता महागड्या चाचण्यांवर पैसे घालवले नसते. चांगला कार्बन फिल्टर लावून वेळेवर बदलत राहिलो असतो. तसं काही असेल तर फक्त पीएफएएसची आणि परिसरात जी कीटकनाशकं मारतात त्यांची चाचणी मागा, सरसकट पॅकेज नको. प्रयोगशाळेला आधीच दोन गोष्टी विचारा: प्रत्येक रसायनाची शोधमर्यादा किती आणि बाटली तुम्ही देणार का. बाटली तुमचीच आणा म्हणाले तर दुसरीकडे जा.

तुमच्या रिपोर्टचा फोटो टाकलात तर बघून सांगतो. शोधमर्यादेचा रकाना बहुधा उजव्या कडेला, बारीक अक्षरात असतो. तो कापला जाणार नाही असा काढा.